चौकटीतले मुंगळे

मैत्रिणींनो, रात्री पाणी प्यायला उठावं, दिवा लावावा, आणि न्हाणीघराच्या चौकटीवरून काळ्याभोर मुंगळ्यांची रांग चाललेली दिसावी. सकाळी केर काढताना उंबऱ्याशी लाकडाचा भुसा दिसावा. अशा वेळी तुम्ही काय म्हणाल? "वाळवी लागली!" असंच ना? मीही तेच म्हटलं, आणि त्या एका शब्दापायी माझे भिशीचे साडेसहा हजार रुपये गेले.

आमचं घर सिडकोत. सासऱ्यांनी बांधलेलं, आता चाळिशी उलटलेलं. लाकडी चौकटी जुन्या सागवानाच्या, त्यामुळे त्यांना काही होईल असं कधी मनातही आलं नव्हतं. गेल्या जून महिन्यात भुसा पडायला लागला तेव्हा आधी मी तो दोन-तीन दिवस झाडून टाकला. मग शेजारच्या काकूंना दाखवला. काकू म्हणाल्या, "अगं, वाळवीच ही. आज चौकट, उद्या कपाट." झालं! रात्रभर मला झोप नाही. कपाटात माझा लग्नातला शालू, मुलांची प्रशस्तिपत्रकं, सासऱ्यांच्या हातची घराची कागदपत्रं. हे म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर," म्हणजे नेहमीचंच.

फवारणी करणारा माणूस आला. त्याने भुशाकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि "वाळवीच आहे ताई" म्हणून मोकळा झाला. मुंगळ्यांकडे त्याने पाहिलंच नाही, आणि मीही त्याला पाहायला लावलं नाही. भिंतीच्या कडेकडेने फरशीला भोकं पाडून त्याने औषध ओतलं. चार दिवस घरात उग्र वास. सासूबाईंना खोकला सुरू झाला म्हणून त्यांना नणंदेकडे जालन्याला पाठवलं. आणि बरोबर पंधराव्या रात्री मुंगळे परत हजर! उंबऱ्याशी पुन्हा तोच भुसा.

मी एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी शिकवते. तिथे मधल्या सुट्टीत हे रडगाणं गायले, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही वाळवी पाहिलीत, की नुसता भुसा पाहिलात?" मला उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, "एक मुंगळा पकडून नीट बघा तरी. औषध नंतर."

मी बी.ए. मराठीची. शास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण साडेसहा हजार गेल्यावर माणूस काहीही शिकतो! त्या रात्री जॅमच्या रिकाम्या बाटलीत मी चार-पाच मुंगळे धरले. धावणारा मुंगळा भिंगाखाली दिसत नाही, म्हणून बाईंनी सांगितल्याप्रमाणे बाटली पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली. थंडीने ते सुस्तावतात, मरत नाहीत. थोड्या वेळाने आपले आपण चालू लागतात. थोरल्याच्या दप्तरातलं भिंग घेतलं आणि पांढऱ्या कागदावर त्यांना ओतलं. धाकटीही डोळे चोळत येऊन बसली.

आता तुम्हीही माझ्याबरोबर बघा. सर्वांत आधी कंबर. मुंगीची कंबर इतकी बारीक असते की छाती आणि पोट जणू दोऱ्याने जोडले आहेत. वाळवीला कंबरच नसते. ती फिकट, मऊ, भाताच्या शितासारखी, सरळसोट असते. मग मिशा. मुंगीची मिशी कोपरात हात वाकवावा तशी मध्ये वाकलेली, आणि वाळवीची सरळ, बारीक मणी ओवल्यासारखी. ह्या दोन खुणा पाहायला भिंगही लागत नाही. माझ्या कागदावर काळे, बारीक कमरेचे, वाकड्या मिशांचे मुंगळे होते. वाळवीचा एक किडाही नव्हता.

गंमत अशी की हा घोळ आपल्या भाषेतच आहे. वाळवीला आपण "पांढरी मुंगी" म्हणतो. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा करतो ते वारूळ बांधते वाळवी, आणि आपण त्याला मुंग्यांचं वारूळ म्हणून मोकळे होतो. इंग्रजांनीही तिला तसंच नाव दिलं, तेव्हा चूक काही आपलीच नाही. प्रत्यक्षात मुंगी आहे मधमाशी आणि गांधीलमाशी ह्यांच्या घराण्यातली. वाळवी मात्र, ऐकून नाक मुरडाल, झुरळाच्या घराण्यातली! लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या शास्त्रज्ञांनी 2007 साली आनुवंशिक गुण ताडून पाहून हे नातं पक्कं केलं. म्हणजे वाळवीचं औषध मुंगळ्याला देणं म्हणजे शेजारच्या घराची चूक आपल्या घरात निस्तरण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी "ऑन अ ट्रेल विथ अँट्स" नावाचं पुस्तक आणून दिलं. अजय नरेंद्र आणि सुनील कुमार ह्यांनी दक्षिण भारतातल्या मुंग्यांवर ते लिहिलं आहे, 2006 साली. त्यातली चित्रं पाहून आणि भिंगातून ताडून आम्ही दोघी ह्या मुंगळ्याच्या नावापर्यंत पोचलो: कॅम्पोनोटस कम्प्रेसस. नाव जड आहे, पण घाबरू नका. आपल्या शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर असतं ना, तसंच हे. कॅम्पोनोटस हे आडनाव. ह्या आडनावाच्या हजाराहून अधिक जाती जगभर आहेत. कम्प्रेसस हे आपल्या मुंगळ्याचं नाव. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दाबलेला, चपटा.

हे आडनाव ग्रीक भाषेतलं, आणि त्याचा अर्थ वाकलेली पाठ. मुंगळा बाजूने पाहिलात तर मानेपासून कमरेपर्यंत पाठीची एकच गोल कमान दिसते, मध्ये खड्डा नाही की खाच नाही. कमरेवर उभा असा एकच उंचवटा. (लाल चावऱ्या मुंगीच्या कमरेवर दोन गाठी असतात, तेव्हा ही खूण मोजून घ्यायची.) पोटाच्या टोकाला नांगी नसते, तिथे बारीक केसांनी वेढलेलं एक भोक असतं, त्यातून हा मुंगळा आम्ल फवारतो. म्हणून तो चावला की नुसतं दुखत नाही, चुरचुरतंही. तो आधी चिमटा घेतो आणि मग त्या जागी आम्ल सोडतो. साबणाच्या पाण्याने धुतलं की पुरे. ह्या आम्लाचं फॉर्मिक हे नावच मुळी मुंगीच्या लॅटिन नावावरून पडलं आहे.

आमची खरी फसगत झाली ती आकारावरून. बाटलीत एक दांडगा होता, दीड सेंटिमीटरचा, डोकं भलं मोठं. दुसरे त्याच्या निम्म्याएवढे, डोकं लहान आणि निमुळतं. मी लगेच निवाडा दिला, "मोठा नर, लहान मादी." धाकटी म्हणाली, "नाही, बाबा आणि मुलं." दोघीही चुकलो. ह्या जातीत एकाच वारुळात, एकाच राणीच्या पोटी लहान, मध्यम आणि थोराड कामकरी असतात, आणि त्या सगळ्या माद्या! थोराड डोक्याच्या आहेत त्या जड काम आणि राखण करतात, लहान आहेत त्या घरातलं आणि बाहेरचं बाकीचं पाहतात. नर असतात, पण त्यांना पंख असतात, ते उडायच्या हंगामापुरतेच जगतात आणि काम म्हणाल तर कुठलंच करत नाहीत. हे मी घरात वाचून दाखवलं तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. पाचवीच्या वर्गाला मात्र मी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की "तो मुंगळा" हे आपलं व्याकरण. रांगेत चाललेला प्रत्येक मुंगळा म्हणजे "ती" असते.

लहान-मोठे पाहून दोन जाती समजण्याची चूक पूर्वी मोठमोठ्यांकडूनही झाली आहे, त्यामुळे मी फार वाईट वाटून घेतलं नाही. ह्या मुंगळ्याचं वर्णन पहिल्यांदा केलं डेन्मार्कच्या योहान क्रिस्टियन फॅब्रिशियस ह्याने, 1787 साली, हिंदुस्थानातल्या नमुन्यांवरून. फॅब्रिशियस हा लिनियसचा शिष्य. त्या काळी सरसकट सगळ्या मुंग्यांना फॉर्मिका हे एकच आडनाव होतं. पुढे 1861 साली ऑस्ट्रियाच्या गुस्ताव मायरने वाकल्या पाठीच्या मुंग्यांचं कॅम्पोनोटस हे घर वेगळं मांडलं. आपल्या भागाचं म्हणाल तर मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात रॉटन नावाचा साहेब होता. त्याने मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑगस्त फोरेलकडे धाडल्या, आणि 1892 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात "आपल्या मुंग्या" अशा अर्थाच्या नावाने लेखही लिहिला. 1903 साली बिंगहॅमने हिंदुस्थानातल्या मुंग्यांचा ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासकांना उघडावा लागतो. ही माणसं मुंगीच्या एकेका केसासाठी पत्रव्यवहार करीत, आणि आपण भुशाकडे पाहून साडेसहा हजार मोजतो!

एक इशारा देऊन ठेवते. काळा आणि मोठा दिसला म्हणजे तो हाच, असं नाही. हिमायत बागेत शाळेची सहल नेली होती तेव्हा मला ह्याचाच एक भाऊबंद भेटला. तब्येतीने जरा लहान, पण पोटावर सोनेरी रेशमी लव, उन्हात जरीसारखी चमकणारी. तो कॅम्पोनोटस सेरिसियस; त्याच्या पाठीला मात्र खाच असते. खाऊ सापडला की ह्यातली एक मुंगी घरी जाऊन दुसरीला बोलावून आणते, आणि दोघी एकीमागे एक, मागची पुढचीला मिशांनी शिवत शिवत चालतात. दुसरी एक आहे डायकॅमा. तीही काळी आणि मोठी, पण अंगावर रेघारेघांची नक्षी असते, सगळ्या एकाच मापाच्या असतात, आणि बहुधा एकटी फिरते. तिला नांगी असते! पोरांना तिला हात लावू देऊ नका.

आता मूळ प्रश्न. वाळवी नाही, तर भुसा कुठून आला?

कॅम्पोनोटस घराण्याला इंग्रजीत सुतार मुंग्या म्हणतात. अमेरिकेत घरं लाकडाची, आणि तिथल्या काही जाती तुळया पोखरून त्यांत घर करतात, म्हणून हे नाव. पण लाकूड त्या खात नाहीत. वाळवी लाकूड खाते आणि पचवते. सुतार मुंगी ते कोरते आणि भुसा बाहेर आणून टाकते, आपण केर काढतो तसा. शिवाय तिला टणक, कोरडं लाकूड नको असतं. तिला हवं ओलीने भुसभुशीत झालेलं. आपला मुंगळा तर त्यातही आळशी सुतार. त्याचं खरं घर जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी. लाकडात तो शिरतो ते आयतं कुजलेलं, पोकळ झालेलं मिळालं तर.

हे कळल्यावर मी लाटणं घेऊन चौकट ठोकत गेले. वर खणखणीत आवाज. उंबऱ्यापासून वीतभर उंचीपर्यंत मात्र बद्द, आणि पेचकस टोचला तर तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. म्हणजे कुजलं होतं. का कुजलं? प्लंबरला बोलावलं. दोन टाइल्स काढल्यावर मागे गिझरच्या नळाचा सांधा थेंबथेंब पाझरत होता, कधीपासून ते देवाला ठाऊक. भिंत आतून ओली, चौकटीचा पाय ओला, आणि मुंगळे त्या कुजक्या लाकडाची साफसफाई करीत होते. सांधा बदलायला आणि टाइल्स बसवायला मिळून आठशे रुपये पडले. सुताराने चौकटीचा खालचा फूटभर भाग कापून नवा तुकडा सांधला. भिंत वाळली, आणि मुंगळे आपणहून गेले. मी एक थेंब औषध घातलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, लाकडाखाली काही पडलेलं दिसलं तर झाडण्याआधी चिमूटभर कागदावर घ्या. जाडसर, रंध्याखालून निघावा तसा भुसा असेल आणि त्यात मेलेल्या किड्यांचे पाय-पंख मिसळलेले असतील, तर मुंग्या. आणि मग ओल शोधा. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून मैद्यासारखी पूड गळत असेल, तर ते लाकूड पोखरणारे भुंगे. खसखशीसारखे सारखे दाणे असतील, तर कोरड्या लाकडातली वाळवी. आणि आपल्याकडे नेहमी आढळणारी, जमिनीतून येणारी वाळवी भुसा टाकतच नाही. ती भिंतीवरून, चौकटीवरून मातीची पेन्सिलएवढी नळी बांधत येते आणि लाकूड आतून खाऊन त्यात माती भरते. अशी नळी दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नका, जाणत्या माणसाला बोलवा.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे पडतात, तेव्हाही हीच परीक्षा करता येते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि सहज गळून पडतात. सकाळी पंखांचा खच दिसतो. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, आणि कंबर तीच, बारीक. घरात, बंद खिडकीच्या आत, वाळवीच्या पंखांचा खच सापडला तर ती घरातूनच उठली असण्याची शक्यता फार.

मुंगळे नुसते स्वयंपाकघरात साखरेवर येत असतील तर रांगेवर फवारा मारून उपयोग नसतो. बाहेर पडलेल्या तेवढ्या मरतात, वारूळ तसंच राहतं. एक कप कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा बोरिक पावडर विरघळवून कापसाचा बोळा भिजवावा आणि झाकणात घालून रांगेच्या वाटेवर ठेवावा. त्या ते पिऊन घरी नेतात आणि तोंडातून तोंडात एकमेकींना भरवतात. बोरिक जास्त घातलंत तर नेणाऱ्या वाटेतच मरतात, तेव्हा हात सैल सोडू नका. आणि हे विष आहे, औषध नाही. रांगतं मूल किंवा मांजर असेल त्या घरात ठेवूच नका, उरलेलं ओतून टाका, आणि तो चमचा पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

माझ्या घरचं वारूळ शेवटी सापडलं ते अंगणात, जास्वंदीच्या बुंध्याशी. जास्वंदीवर पांढरा कापूस धरलेला तुम्ही पाहिला असेल. ते पिठ्या ढेकूण. ते झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा सोडतात. मुंगळे तो चाटतात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात. आपण गाय पाळतो त्यातलाच प्रकार. त्यामुळे झाडाला कितीही नीमतेल मारा, मुंगळ्यांची ये-जा चालू आहे तोवर ढेकूण हटत नाहीत. मी किडलेले शेंडे छाटले, फांद्या साबणाच्या पाण्याने धुतल्या आणि बुंध्याला चिंधी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं. चिंधी महिन्याने बदलायची, नाहीतर साल कुजते. फुलं आता देवापुरती येतात. वारूळ मी ठेवलं आहे. ते मेलेली झुरळं ओढून नेतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि अंगण त्यांचंही आहे.

आता शेजारच्या काकूंचं. माझी ही सगळी हकीकत त्यांनी ऐकली, हसल्या, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेखाली काहीतरी वळवळताना दिसलं तेव्हा "मुंग्याच असतील" म्हणून त्या स्वस्थ बसल्या. त्यांना तसं वाटायला मीच कारण. पंधरा दिवसांनी सहज विषय निघाला तेव्हा मी जिन्यावरून पळतच माळ्यावर गेले. भिंतीवर मातीची नळी, पेन्सिलएवढी, पार ट्रंकेच्या पत्र्याच्या सांध्यापर्यंत. आत काकांची पत्रं होती, लग्नाआधीची, काका बदलीवर परभणीला होते तेव्हाची. खालचा गठ्ठा माती होऊन गेला होता. वरचा राहिला.

काकूंनी त्या दिवशी मला काही म्हटलं नाही. वाळवीचं औषध त्यांनी लगेच मारून घेतलं, वेगळ्या माणसाकडून, आधी त्याला नळी फोडून आतली वाळवी दाखवायला लावून. आणि राहिलेली पत्रं आता प्लॅस्टिकच्या डब्यात, माझ्या कपाटात आहेत. दर शनिवारी दुपारी त्या एक वाचायला येतात. येताना कधीकधी काडेपेटीत एखादा किडा असतो. "बघ गं, हा कोण?" म्हणतात. मी भिंग काढते.